मधली जागा दाजींची होती

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब, व्यासपीठावरचे शाळाकमिटीचे सभासद, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आमचे हेडमास्तर दाजी, आणि कल्याणातले जमलेले सर्व गृहस्थहो,

चैत्र वद्य पंचमीला, दुपारी चार वाजता, शाळेच्या अंगणात मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं, आणि तिथून पुढे मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही.

दाजींविषयी चार गोड शब्द बोलायला मला उभं केलं आहे. कॉलेज अर्ध्यावर टाकून आलो तेव्हा वडिलांनी घरात घेतलं नाही. दाजींनी ठाण्याच्या फोटोवाल्याकडे शब्द टाकला, मला धंद्याला लावलं. आणि त्यांच्याच निरोपाची तसबीर मी कशी काढली? ती आपण सर्वांनी पाहिली आहे.

सात गुरुजींची रांग, मधल्या खुर्चीत दाजी, असं ठरलं होतं. मुलींच्या वर्गाच्या मनुबाई रिवाजाप्रमाणे रांगेपासून तीन हात सोडून कडेला उभ्या राहिल्या. "मी इथंच बरी, भाऊ," म्हणाल्या. भाऊ! असो.

कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात, डोकी खाली, पाय वर. तरी एक चेहरा मला सरळच दिसत होता. मी कॅमेरा वळवला. आणखी थोडा वळवला. मनुबाई मधोमध आल्या. पलीकडचे तीन गुरुजी चौकटीबाहेर गेले, दाजींचा एक खांदा गेला, अलीकडे नुसतं कुंपण आलं.

"मारुती, मी आलो ना रे त्यात?" दाजींनी विचारलं.

"आलात, आलात!"

चौकटीत मधोमध जो उभा, पाहणारा ती तसबीर त्याचीच समजतो. कडेचा माणूस वाटेनं जाता जाता थांबल्यासारखा दिसतो. कमिटीनेही तसाच समज करून घेतला. रावसाहेबांनी मला विचारलं, "बाईंनी सांगून मधली जागा घेतली काय?" त्याच सकाळी माझी चिठ्ठी मनुबाईंनी न फोडता परत पाठवली होती. डोकं फिरलेलं होतं. मी म्हणालो, "होय."

खोटं बोललो, महाराज.

खाली बसा म्हणता? नाही बसत, रावसाहेब! उद्या मनुबाईंना कामावरून काढण्याचा ठराव यायचा आहे, तो माझ्या त्या एका शब्दावर. आज त्यांना इथं बोलावलंसुद्धा नाही. तसबीर पुन्हा हातात घ्या. शेवटच्या गुरुजींच्या आणि बाईंच्या मध्ये मोकळी जमीन दिसते ना? जिला मिरवायचं असतं ती एवढी जागा सोडून उभी राहते का? त्या जागच्या हलल्या नाहीत. हललो मी.

दाजी, तुम्ही "पुरे रे" म्हणू नका. तुम्ही रागावलात तर मला बरं वाटेल.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल तर ते पोटात घाला; केलं ते मात्र घालू नका. मी समोर बसलो तर तुम्ही माझं काय करायचं तेच बोलत बसाल, आणि बाईंचं राहून जाईल. म्हणून निघतो. बसा, कुणी उठू नका. दार मी बाहेरून ओढून घेतो.