माझ्या हातात मोडलेलं मनगट

मी हमीदा, कुरुंद्याची मणेरीण. माझी आई बांगड्या भरायची, तिची आईबी भरायची, आन् मी आठ वर्षांची असताना आईनं माझी बोटं एका बाईच्या हातावर ठेवून सांगितलं, बेटा, बांगडीकडं बघू नको, हाड कुठं वळतं ते चाचपून बघ. तवापासून काय सांगू तुमाला, किती मनगटं धरली असतील, हळद काढणाऱ्या बायांची खरबरीत, पिवळी, नव्या नवरीची घामेजलेली. आमच्याकडं हात झटकला तरी बांगडी घसरू नये. सैल भरली की बाया म्हणतात, आपा, तुमची बोटं म्हातारी झाली. म्हणून सव्वादोनच्या मापाच्या हाताला अडीचची सैल बांगडी द्यायची मला लाज वाटायची.

दोन सालांखाली सुमनबाईच्या पोरीचं लगीन होतं. सुमनबाई माझ्याच उमरीची, पन्नाशीची, हळदीच्या कढईवर दिवसभर उभी राहणारी. मी मांडवात हिरव्या बांगड्या भरून राहिले होते. तिनं हात पुढं केला, जरा आखडला. मी म्हनलं, काहून गं, पोरगी चालली म्हणून हातबी रुसला का? ती म्हणाली, भर गपचिप. मी साबण लावला, अंगठ्याखाली दाबलं, हात वळवला, आन् कट्ट असा बारीक आवाज आला. आमी बांगडी फुटली म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. मी तसंच म्हनलं, वाढली गं एक. मोजल्या तर सगळ्या साबूत. सुमनबाईचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

हमीदानं हात मोडला, गावभर झालं. पुढच्या बाजारी बाया माझ्या पालापुढं थांबायच्या, काच उजेडात धरून बघायच्या, मनगट मात्र पदराखाली. मनगटच न्हाई दिलं तर मणेरणीनं काय करावं? पण खरं सांगू, त्याहून एक गोष्ट मनात किरकिर करायची, चाळीस साल मी तेवढाच जोर लावते, मग हेच हाड काहून मोडलं?

सुमनबाईच्या घरचे तिला घेऊन वसमतच्या दवाखान्यात तपासणीला निघाले तर मी म्हनलं, मीबी येते. तिची सासू म्हणाली, आता दुसरा मोडायला चालली का? तरी गेले. डॉक्टरबाईनं हाडाचा फोटो उजेडापुढं धरून विचारलं, आधी पडल्या होत्या का? तवा सुमनबाई खाली बघून बोलली, आठ दिवस आधी न्हाणीत घसरले, हात टेकला, ठणकायचा, पण लगीनघरात कुणाला सांगू? डॉक्टरबाई म्हणाल्या, चीर तवाच पडली, दाबल्यानं उघडली. पण एवढ्याशा घसरण्यानं हाड मोडायला नको होतं. मी विचारलं, मग मोडलं काहून? त्या म्हणाल्या, पोचट हळकुंड बघितलं ना, वरून सारखंच, आतून हलकं, तसं झालंय. दुखत न्हाई, म्हणून मोडेपर्यंत कळत न्हाई. सुमनबाईची गर्भाची पिशवी पस्तिशीतच काढलेली, अंडाशयांसकट. पाळी लवकर गेली की हाडं झपाट्यानं झिजतात, म्हणे. वरून मिश्री, आन् दूध सगळं लेकरांना. मी म्हनलं, बाई, ही तर उन्हातच असते की. त्या हसल्या, ऊन पायजेच, पण एकटं ऊन काय करील, पोटात दूध-दही, तीळ, शेवग्याचा पाला, डाळ जायला नको का? मग हाडांची घनता मोजली, गोळ्या दिल्या, मिश्री बंद, हात बरा झाल्यावर रोज चालणं.

पलस्तर निघालं त्या बाजारी सुमनबाई आली, माझ्या पालात बैठक मारली आन् साऱ्या बायांदेखत बोलली, मी पडले होते, मीच लपवलं, हिच्या नावानं काहून बोंबलता? आन् तोच हात माझ्या मांडीवर ठेवला. मला बांगडी दिसंना, डोळे भरून आले.

आता मनगट धरलं की मी आधी विचारते, कुठं पडलीस का, पिशवी काढली का, पाठ वाकून राहिली का? बाया म्हणतात, आपा, दुकान हाय का दवाखाना? म्हनू द्या. तिघी वसमतला जाऊन आल्या, मीबी माझी हाडं मोजून घेतली, झिजू लागलीत थोडी. अल्ला सगळ्या बायांचे हात साबूत ठेवो. सुमनबाईला मी अडीचच्याच भरते, ती कुरकुरते. पण सैल बांगड्या किती गोड वाजतात, हे मला ह्या उमरीत कळलं बघा.