पहिला नग जागेवरच

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या लघुउद्योजक मंडळाच्या प्रमुख आदरणीय कुसुमताई, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती आमचे चांदभाई, त्यांच्याआधी ज्यांचा सत्कार व्हायला हवा त्या झुलेखाभाभी, आणि गुरुवारची हक्काची सुट्टी सोडून इथं रहाटणीत आलेले माझे कामगार बंधू-भगिनी व त्यांच्या घरची मंडळी,

मला भाषण येत नाही, असं सुरुवातीला म्हणायची पद्धत आहे. मला येतं. पण आज जीभ जड झालीय. सूत्रसंचालिका तेजस्विनीताईंनी पाच मिनिटं दिलीत. त्या घड्याळाकडे बघतायत, म्हणून मी त्यांच्याकडे बघणार नाही.

चांदभाईंची नि माझी गाठ भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पडली. मी परांड्याहून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला. ते तिथले सेटर. सेटर म्हणजे मशीन बांधून देणारा, हत्यार कुठं लावायचं नि किती कापायचं हे ठरवणारा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला डोळे मिटायला लावले. म्हणाले, "मालोजी, आता ऐक. हत्यार बोथट झालं की आवाज आधी बदलतो, माप मागाहून बिघडतं." त्या एका वाक्याच्या जोरावर मी काळेवाडीत जुना लेथ टाकला. आज चाकणच्या आपल्या कारखान्यात अठ्ठेचाळीस माणसं आहेत.

मंडळी, तोच कान हल्ली मला सुखानं बसू देत नाही. समोरच्या प्लॉटमधला पॉवर प्रेस दुपारी चारनंतर वाजत नाही. मी चहाच्या टपरीपाशी आलो की तुमचं बोलणं थांबतं. पण थांबायच्या आधीचं ऐकू येतं हो मला! "दुसरी पाळी जाणार का रे?" "शेठचं तोंड बघ की, भावा." परवा कॅन्टीनच्या सोजरबाई विचारत होत्या, "ते अमेरिकेचं मिटलं का वो?" मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला काय करायचीय अमेरिका?" तर म्हणाल्या, "मला न्हाई काय करायची. पर कणीक किती मळायची त्ये सांगा की."

कणीक किती मळायची! कुसुमताई, आपल्या चर्चासत्रांत मोठे तज्ज्ञ येतात, पडद्यावर आलेख दाखवतात. जगाच्या व्यापाराबद्दल इतका नेमका प्रश्न मी तिथं ऐकलेला नाही. तिकडं आयातकर आज चढतो, उद्या थांबतो, परवा पुन्हा बसतो. कुठं युद्ध पेटतं नि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. चीन मोटारींत लागणारी चुंबकं अडवतो नि इथल्या गाड्यांच्या लाइनी थबकतात. आणि या सगळ्याच्या शेवटी आमच्या सोजरबाई परात घेऊन उभ्या असतात. त्यांना काय उत्तर द्यायचं?

आता माझी चूक सांगतो. सत्कारात स्वतःच्या चुका काढू नयेत, पण चांदभाईंचं मोठेपण तिच्यातच अडकलंय. हा कर लागायच्या आधी आपल्या अमेरिकेच्या गिऱ्हाइकाची मागणी एकदम दुप्पट झाली. ट्रकच्या चाकामागची ती पोलादी चकती. ओव्हरटाइम, गुरुवारसुद्धा चालू. मी पेढे वाटले. दोन नवी मशीनं आणून नारळ फोडला. चांदभाईंनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही.

"मालोजीशेठ," ते म्हणाले. रागावले की मला शेठ म्हणतात. "काळेवाडीत पाणी कधी येतं?"

"दिवसाआड."

"आलं की लोक काय करतात? पिंप भरतात, बादल्या भरतात, पातेलीसुद्धा सोडत नाहीत. ती काय तहान असते, राव? उद्या नळ बंद, म्हणून आज भरायचं. तिकडं पिंपं भरतायत. तुम्ही पेढे वाटताय."

मी हसलो. म्हटलं, "तुम्ही मशीन बघा, मार्केट मी बघतो."

नळ बंद झाला. लॉट अर्ध्यात असताना दोन ओळींचा मेल आला, पुढची सूचना येईपर्यंत थांबा. त्याला चार महिने झाले. नवी मशीनं ताडपत्रीखाली आहेत. दुसऱ्या पाळीत बावीस माणसं आहेत. इकडचं-तिकडचं काम गोळा करून महिनाअखेरपर्यंत ती पाळी चालेल. पुढचं मला माहीत नाही.

बघा, पंख्यांचा आवाज येतोय.

निमंत्रणपत्रिकेत 'सेवापूर्ती' छापलंय. तपासणीतली आमची वर्षाली मला हळूच म्हणाली, "शेठ, चांदकाकांची अजून दोन वर्षं आहेत ना?" आहेत. चांदभाई, डोळे वटारू नका, आज माइक माझ्याकडे आहे. दुसऱ्या पाळीला सेटर दोन, चांदभाई आणि गणराज. काम एकापुरतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो. ते आपणहून केबिनमध्ये आले. "गणराजचं पोरगं आत्ता कुठं चालायला लागलंय. मी जातो. गुडघे दुखतात म्हणून सांगा." मी नको म्हणायला तोंड उघडलं. आणि मंडळी, मी नको म्हणालो नाही. ज्यानं मला ऐकायला शिकवलं, त्याच्यासमोर मी गप्प बसून राहिलो. भीती माणसाला असं करते. भाभी, तुम्हाला गुडघ्यांचं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. गणराज, मान वर कर. लाज वाटायची ती मला वाटू दे.

आमच्यात एक रीत आहे. लॉटचा पहिला नग सेटर तपासतो, खूण करतो नि मशीनपाशी ठेवतो. बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. शेवटचा नग निघाला की मगच पहिला उचलायचा आणि मालाच्या पेटीत घालायचा. त्या अर्धवट लॉटचा पहिला नग अजून तिथंच आहे. मला वाटलं, त्याला चकाकी देऊन काचेत बसवू नि चांदभाईंना देऊ. पिंपळे गुरवला पेटी करून घेतली. काल उचलायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"लॉट संपला?"

"नाही."

"मग हात लावू नका."

"आणि नाहीच संपला तर, चांदभाई?"

ते फडक्यानं नगाला तेल लावत राहिले. पाळीवर आले की रोज लावतात. पोलाद आहे, गंजतं.

म्हणून ही काचेची पेटी रिकामी आहे. मघाशी तिसऱ्या रांगेत कुजबुज झाली, "शेठ आत घालायला विसरले वाटतं." विसरलो नाही. आणि उद्यापासून तेल कोण लावणार, हे तुम्हाला विचारणार होतो, पण त्याची गरज नाही. मी स्टेजवर येत असताना वर्षाली ते फडकं मागत होती. चांदभाई तिला सांगत होते, "थोडंच लाव, पोरी. जास्त लावलं की धूळ धरतं."

अध्यक्षताईंचे, पाहुण्यांचे, हॉल देणाऱ्यांचे नि तेजस्विनीताईंच्या सहनशीलतेचे आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल ते पोटात घाला. त्या दिवशी जे बोललो नाही, त्याची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही. ती चांदभाईंच्या घरी जाऊन मागायची आहे.

आणि सोजरबाई, उद्या सत्तेचाळीस माणसांची कणीक मळा. परवाचं मी तुम्हाला उद्या सांगतो.