चौकातल्या पाच देवळ्या

नाव: एव्हान्थिया कालोयेरू. वय: एकोणऐंशी, चर्चच्या वहीप्रमाणे, आई कमी सांगायची. शिक्षण: दुसरी, तीही अर्धी. धंदा: शेळ्या व ऑलिव्ह. राहणार: आम्पेलोरेमा, जुन्या तेलघाण्याशेजारी.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी व माझा नवरा पान्देलिस राहतो. त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही. रोज सकाळी तो तिचाकी घेऊन शेळ्यांकडे जाताना घाण्याजवळच्या चौकात मोठा रस्ता ओलांडतो. ट्रक उजवीकडून येतात.

हा चौक सुधारा म्हणून आम्ही नगराध्यक्षांच्या मागे लागलो होतो. त्यांनी शहरातून सल्लागार इंजिनिअर नेमले. चौक वाईट आहे का, ते आम्हाला नाही, त्यांना विचारायचं होतं. दुसरा चौक नगराध्यक्षांच्या बंगल्यासमोरचा. सुधारणा दोहोंपैकी एकाचीच होणार होती.

इंजिनिअर दुकास ऐन ऑगस्टात आले. तेव्हा घाणा बंद असतो, ट्रक एकही नसतो. त्यांनी कॉफीच्या दुकानात बसून तळलेले मासे खाल्ले. मासे चांगले होते. शेजारीण फोतिनी म्हणाली, "काय रे बाबा, चौक कधी बघणार?"

"आजी, आकडे बोलतात."

"मग त्यांच्याशीच बोल. आमचं तुला ऐकू येईना."

ते म्हणाले, रस्त्याकडेच्या देवळ्या मोजल्या. बंगल्यासमोर तीन, तुमच्याकडे एकही नाही, म्हणजे इथे कुणी मेलं नाही.

आमच्याकडे अपघातात माणूस मेला तरी रस्त्याकडेला फोटो-दिव्याची छोटी देवळी बांधतात आणि वाचला तरी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या तिनांतली एक नगराध्यक्षांच्या मेव्हण्याची. तो ऊझो पिऊन अंजिराच्या झाडावर गाडी घालून वाचला आणि अजून पितो. आमच्या चौकात वाचलेले पुष्कळ, पण पनागियामातेला बोललेला नवस फेडायचा कंटाळा. म्हणून रविवारी चर्चबाहेर मी म्हणाले, "ज्यांचे राहिलेत त्यांनी फेडा रे, माता वाट बघतेय." आठवड्यात पाच देवळ्या उभ्या राहिल्या. पाचवी आमची. आत रस्त्यावरून दिसेल एवढा पान्देलिसचा फोटो आहे, दिवा तो स्वतः लावतो.

दुकास परत आले, गाडीतूनच मोजून गेले आणि अहवालात आमचा चौक निवडला. मग परवा कॉफीच्या दुकानात त्यांना देवळीतला फोटो समोर बसून सोंगट्या खेळताना दिसला. कॉफी विजारीवर सांडली. मी इतकी हसले की कवळी हातात घ्यावी लागली. त्यांनी फसवणुकीची तक्रार दिली ती त्याच विजारीत.

जबाब लिहिणारा हवालदार वांगेली माझ्या बहिणीचा मुलगा. तो म्हणतो, "मावशी, हसू नकोस, सरकारी काम आहे." मी म्हणाले, "गप लिही. ईस्टरला मोटरसायकलसकट तिथल्या चरात तूच पडला होतास, तुझी देवळी कुठाय?" हे तो लिहीत नव्हता, मी लिहायला लावलं.

कुठल्याही देवळीवर 'मेला' असं लिहिलेलं नाही. दुकास यांनी कुणाला विचारलं नाही. तक्रारीमुळे चौकाचं काम थांबवणार, असं आज इथे समजलं. खुशाल थांबवा. देवळी मी काढणार नाही. आज दिवा तो लावतो. उद्या मला लावावा लागला, की दुकास यांचा आकडा बरोबर येईल.

वांगेलीनं हे मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तेच उतरलं आहे, हसणं तेवढं राहिलं. सही केली. पान्देलिस बाहेर तिचाकीत बसलाय. घरी जायला तोच चौक लागतो.