सापाची मावशी आणि माझ्या सासूबाई

अगं, परवा आमच्या मखमलाबादच्या मळ्यात काय झालं सांगते! गुलाब तोडताना सासूबाईंच्या बोटाला सापसुरळी चावली. त्या मटकन खालीच बसल्या. "सापाची मावशी चावली गं! आता मी काही वाचत नाही."

मी गावातल्या सर्पमित्राला फोन लावला. तो येईपर्यंत सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला. "सूनबाई, स्वयंपाक तू माझ्यापेक्षा चांगला करतेस. बारा वर्षं मी मुद्दाम नावं ठेवली."

मला रडूच कोसळलं.

सर्पमित्र आला, बोट बघून हसला. "आजी, सापसुरळीला विषच नसतं. साबणाने बोट धुवा, झालं."

"नक्की?"

"अगदी नक्की."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मग मी उगाच खरं बोलून बसले की!"