बॉनेट उघडायचं नाही!

हसू नका! आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा. अहो, तीन-चारशे माणसांसमोर, हातात माइक, गळ्यात कंपनीची निळी फीत, आणि तो जपानी इंजिनिअर माझ्याकडे असा बघतोय... असा... म्हणजे आपल्या घरी काहीतरी वाईट घडलंय आणि ते फक्त आपल्यालाच अजून कळवलेलं नाही, तसा! आणि माझी बायको वर पंख्याकडे बघतेय. त्या हॉलमध्ये पंखा नव्हता, तुम्हाला सांगतो. एसी होता. तरी ती पंख्याकडे बघत होती!

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं गाडी चालवली आणि बॉनेट एकदाही उघडलं नाही!

का नाही उघडलं, विचारा ना. विचारा! कारण मी गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक छोटं पुस्तक आलं होतं, कंपनीचा इतिहास. लोक काय करतात, असली पुस्तकं डिकीत टाकतात आणि वर चपला ठेवतात. मी पाठ केलं! त्या कंपनीचा जो मूळ पुरुष, तो आधी छत्रीच्या काड्या बनवायचा. छत्रीच्या काड्या! मग सायकलच्या घंट्या, मग तीनचाकी हातगाडी, मग मोटार. पहिल्या वर्षी बारा मोटारी विकल्या, त्यातली एक भर पुलावर बंद पडली. मागे ही गर्दी! तर हा गृहस्थ कारखान्यातून चालत चालत पुलावर गेला, गाडीच्या मालकापुढे कमरेत वाकला, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत चार तास... चार तास बरं का... तसाच वाकून उभा राहिला! आणि म्हणाला, "ज्या दिवशी मालकाला बॉनेट उघडून बघावं लागेल, तो दिवस आमच्या शरमेचा." झालं! त्या वाक्याने मी खलास झालो. म्हटलं, आपल्या हातून या माणसाला शरम नको. आपण उघडायचंच नाही.

सर्व्हिसिंग? करायचो ना! वेळच्या वेळी! मेकॅनिककाकांकडे गाडी न्यायची, कोपऱ्यावरच गॅरेज आहे त्यांचं, आणि ते बॉनेट उघडायला लागले की मी पाठ फिरवायचो. भिंतीकडे तोंड करून उभा. समोर टायरच्या जाहिरातीचं कॅलेंडर, ते वाचायचं. काका म्हणायचे, "साहेब, एकदा बघून तरी घ्या." मी म्हणायचो, "विश्वास म्हणजे विश्वास, काका!" काका म्हणायचे, "बरं." आता कळतंय ते "बरं" काय होतं! केवढा अर्थ होता हो त्या "बरं"मध्ये!

आणि माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे दुसऱ्याच कंपनीची गाडी. राखाडी रंगाची. मी तिला काय म्हणायचो? डबा! तोंडावर म्हणायचो. "काय, आज डबा आणला वाटतं?" त्याने त्या गाडीत मला किती वेळा स्टेशनवर सोडलं असेल, पण मी उतरताना काहीतरी बोलल्याशिवाय दार लावलं नाही. बारा वर्षांपूर्वी मागून कुठल्यातरी ट्रकने त्या डब्याला असं ठोकलं की मागची सीट पुढे आली. त्याला सुदैवाने खरचटलंही नाही. मी काय म्हणालो असेन? "बघ! जपानी घेतली असतीस तर ट्रकच चेपला असता!" बोलतो का माणूस असं? मी बोललो. आणि डबा भंगारात गेला म्हणून मी... नाही, पेढे नाही वाटले. पण चेहरा तसाच होता.

हे लक्षात ठेवा. डबा भंगारात गेला, असं मला सांगण्यात आलं. सांगण्यात आलं!

आणि आणखी एक लक्षात ठेवा. त्यानंतर मेव्हणा आमच्याकडे आला की जाताना माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवायचा. थोपटायचा हळूच. मी सगळ्यांना सांगायचो, "बघा, शत्रूसुद्धा मान देतो! याला म्हणतात गाडी!" एकदा तर त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं मला. मी बायकोला म्हटलं, "पश्चात्ताप झालाय गं त्याला." ती म्हणाली, "चहा गार होतोय तुमचा."

तर आता या कंपनीला झाली पंच्याहत्तर वर्षं. जगभर मेळावे, मालकांचे. आपल्या शोरूमवाल्यांनीही ठेवला. पत्रक आलं घरी : ज्यांची गाडी पंधरा वर्षांहून जुनी आहे आणि अजून मूळ इंजिनावर चालते आहे, त्यांनी अर्ज करावा, जपानहून इंजिनिअर येऊन गाडी तपासेल, मानचिन्ह देईल. अहो, मी उडालोच! हे माझ्यासाठीच लिहिलेलं होतं! एकोणीस वर्षं कोणाला पटत नव्हतं, आता खुद्द कंपनी सही करून देणार. अर्जात प्रश्न होता, "गाडी आजवर किती वेळा बंद पडली?" मी लिहिलं, "एकदाही नाही," आणि खाली दोन रेघा मारल्या.

बायको म्हणाली, "अहो, कशाला ते? ठेवायला जागा कुठाय घरात?" मी म्हटलं, टीव्ही काढू! मेव्हण्याचा फोन आला, "भावोजी, आपल्यासारख्या माणसाने असल्या मानसन्मानाच्या मागे लागू नये." आपल्यासारख्या! काका म्हणाले, "साहेब, चांगल्या गाडीला दृष्ट लागते. लपवून ठेवावी." मला वाटलं, जळतात सगळे! सख्खी बायको जळते! काय सांगू तुम्हाला, तिघंही महिनाभर माझ्या पाया पडायचे बाकी होते, आणि मी रोज सकाळी गाडी पुसत होतो. बाहेरून!

मेळाव्यात आधी मालकांनी आपापले अनुभव सांगायचे होते. एक दातांचे डॉक्टर आले, म्हणाले, "माझी गाडी चांगली आहे, फक्त एकदा गिअर अडकला तो रिव्हर्समध्येच, मग सहा किलोमीटर उलटा घरी गेलो. शेजारी अजून विचारतात, कुठे निघालात का परत आलात." लोक हसले. एक शिंपीणबाई आल्या, त्यांच्या गाडीचा हॉर्न वळताना आपोआप वाजतो, म्हणे आता गल्लीतले लोक घड्याळ लावतात त्यावर. मी मागे बसून मान हलवत होतो. कीव येत होती मला! मग माझी पाळी. मी छत्रीच्या काड्यांपासून सुरुवात केली. घंट्या, हातगाडी, पूल, चार तास! टाळ्या! तो जपानी इंजिनिअर, तरुण पोरगा, पांढरे हातमोजे घातलेला, दुभाषी बाईंकडून ऐकत होता, त्याचे डोळे भरून आले. आणि शेवटी मी छाती काढून म्हणालो, "एकोणीस वर्षं! बॉनेट एकदाही उघडलं नाही!"

तो उठला. मला वाकून नमस्कार केला. गाडी हॉलच्या मधोमध उभी होती, तिलाही वाकून नमस्कार केला. आणि बॉनेट उघडलं.

मी सवयीने पाठ फिरवली हो! माझी पाठ गाडीकडे, तोंड लोकांकडे. त्यामुळे मला आधी लोकांचे चेहरे दिसले. पहिली रांग... अशी... पुढे वाकली. दातांच्या डॉक्टरांनी चष्मा वर केला. मग दुभाषी बाईंचा आवाज, अगदी हळू : "सर, ते विचारताहेत, हे इंजिन कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "कोणाचं म्हणजे? त्यांचंच!"

"ते म्हणताहेत, त्यांचं नाही."

वळलो. आयुष्यात पहिल्यांदा आत बघितलं. आणि त्या इंजिनावर, झाकणावर, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत, मेव्हण्याच्या डब्याच्या कंपनीचं नाव!

डबा! डबा बसलेला होता माझ्या गाडीत! बारा वर्षं!

बायको पंख्याकडे. तिच्या शेजारी मेव्हणा, बुटांच्या नाड्या बांधतोय. बूट बिननाड्यांचे होते! मी माइकमध्येच ओरडलो, "हे काय आहे?" आणि मग तिथेच, सगळ्यांदेखत, बायको उठली आणि म्हणाली, "अहो, तुमचं ते पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं ना..."

झालं होतं. बारा वर्षांपूर्वी. आठ दिवस होतो मी दवाखान्यात. ही रोज गाडी घेऊन यायची, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकातच इंजिन बसलं. कायमचं! सात वर्षांची गाडी! ती घाबरली, भावाला बोलावलं, भावाने काकांना बोलावलं, काका म्हणाले, आता दुसरं बसवावं लागेल. तेव्हाच मेव्हण्याची गाडी मागून चेपलेली होती, पण इंजिन ठणठणीत होतं. तो म्हणाला, "माझं घ्या." एवढंच. आणि डॉक्टर म्हणाले होते, पेशंटला धक्का बसेल असं काही सांगू नका. आता गाडीचं इंजिन बदललं हे ऐकून कोणाला धक्का बसतो? पण हिला माहीत होतं, मला बसेल. मी घरी आलो, गाडी सुरू केली, म्हटलं, "आवाज वेगळा येतोय." ही म्हणाली, "वयात आलीय, आवाज फुटला असेल." आणि मला पटलं! पटलं हो मला!

मी म्हटलं, "अगं, मग नंतर तरी सांगायचंस! बारा वर्षं!" तर म्हणते, "सांगणार होते. पण तुम्ही प्रत्येक वेळी छत्रीच्या काड्यांपासून सुरू करायचात. मधे बोलायला जागाच नव्हती."

थांबा, संपलं नाही. तो जपानी पोरगा पुन्हा काहीतरी बोलला. दुभाषी बाई म्हणाल्या, "ते म्हणताहेत, त्या वर्षीच्या इंजिनांत खरंच दोष होता. कंपनीने प्रत्येक मालकाला माफीचं पत्र पाठवलं होतं, नवीन इंजिन फुकट बसवून देणार होते. तुम्हाला नाही मिळालं?"

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "आलं होतं. सहा महिन्यांनी. तोवर आपण बसवून मोकळे झालो होतो. आणि ते वाचलं असतंत तर सगळंच कळलं असतं."

घरी आल्यावर तिने ते कपाटातून काढून दिलं. स्वेटरच्या खाली होतं. बारा वर्षं! वाचलं मी. लिहिलं होतं, "आमची चूक झाली. आम्ही आपल्यापुढे मान खाली घालून उभे आहोत." अहो, पुलावर चार तास वाकला म्हणून मी एकोणीस वर्षं त्याचं कौतुक करत होतो, आणि आमच्या कपाटात ती कंपनी बारा वर्षं वाकून उभी होती! स्वेटरखाली! कोणी तिला सरळ हो म्हणालं नाही! या सगळ्या प्रकरणात माझ्याशी खरं बोललं कोण? बायको नाही, मेव्हणा नाही, काका नाही. गाडी तर नाहीच नाही. खरं बोलली ती कंपनी, आणि तिला मिळालं कपाट. रडू आलं मला. खोटं कशाला सांगू, रडलो. हिने पाणी आणून दिलं, आणि तीही रडली. मग म्हणाली, "रागवा. पण तुम्ही तेव्हा इतके अशक्त झाला होतात हो. मला भीती वाटली होती." आता यावर काय रागवायचं? तरी चार दिवस मी बोललो नाही. मेव्हण्याशी तर फोनवरसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी त्याचाच फोन. "भावोजी, येता का जरा? चौकात आहे. गाडी बंद पडलीय."

कुठली गाडी? अहो, डबा गेल्यावर मी अकरा वर्षं त्याच्या मागे लागलो होतो ना, जपानी घे, जपानी घे! शेवटी गेल्या वर्षी घेतली त्याने. माझ्याच कंपनीची. माझ्या आग्रहाखातर! ती बंद पडलेली, भर चौकात, मागे ही गर्दी, हॉर्न!

गेलो. दोरी घेऊन गेलो. त्याच्याकडे बघितलं. बारा वर्षं मी याच्यासमोर याच्याच इंजिनाला डबा म्हणत होतो, आणि हा ऐकून घ्यायचा, चहा प्यायचा, जाताना बॉनेट थोपटायचा. मी विचारलं, "एकदा तरी बोलायचंस रे?" तर म्हणाला, "भावोजी, तुम्ही इतकं रंगून सांगायचात... आणि गाडी चालत होती ना?" मी त्याच्यापुढे कमरेत वाकलो. चौकात! तो म्हणतो, "अहो भावोजी, लोक बघताहेत!" बघू देत! चार तास नाही जमलं, गुडघ्यांमुळे. पण अर्धं मिनिट तरी वाकलोच.

मग पुढे माझी गाडी, आत त्याचं इंजिन, मागे दोरीला त्याची गाडी, आत माझ्या कंपनीचं इंजिन... अशी वरात गॅरेजला पोचली. डब्याने ओढून आणलं हो, एका दमात!

काकांनी त्याची गाडी बाजूला घेतली, मग माझ्याकडे वळले. बिचारे खाली मान घालून म्हणाले, "साहेब, तुमचंही तेलपाणी बघतो. या, आता तरी बघा आत. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही." मी म्हटलं, बरोबर आहे, एकोणीस वर्षं बॉनेट उघडलं नाही, आता स्वतःच्या हाताने उघडायचं! गेलो पुढे. हात घातला. खटका दाबला. वर उचललं. आणि काका हळूच म्हणाले, "साहेब... मग त्या गिअरबॉक्सचंही सांगून टाकू का?"

मी मेव्हण्याकडे बघितलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता.

मी बॉनेट काकांच्या हातात दिलं, आणि जाऊन कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिलो.