वैशालीची चोवीस तासांची नखं

तुमच्या जावा काम टाळायला डोकं दुखतंय म्हणत असतील, पण आमच्या वैशालीचं सोंग लई महागाचं. येळअमावस्या दुसऱ्या दिवशी. शेतात पन्नास माणसांचं जेवण, भज्जीच्या भाज्यांचा घरात ढीग, अन् ही माझी धाकटी जाऊ पलंगावर बसून ऑनलाइन मागवलेल्या, नखं वाळवायच्या दिव्यात बोटं घालून राहिली. फ्रेंच जेल म्हणे! गुलाबी नखं अन् टोकाला पांढरी पट्टी.

मी म्हणलं, "वैशाली, शेंगा सोलू लाग."

"अक्का, चोवीस तास पाण्याकामाला हात लावायचा न्हाई. सगळं निघून जातंय."

सासूबाई चुलीपासून उठल्या. हात धुऊन पुसले, वैशालीपुढं बसल्या अन् दहाही बोटं पुढं केली.

"मला बी लाव."

वैशाली खूश! व्हिडिओ बघत तिनं सासूबाईंची नखं रंगवली. मग त्यांनी मला हाक मारली. "आता हिला लाव." माझीही झाली.

तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "चोवीस तास म्हणलीस ना?"

"हाव, आत्या."

"मग आमच्या दोघींचे हात उद्यापर्यंत कामाला लागत न्हाईत. तुझी नखं आधी लावली, म्हणजे आधी वाळली. ऊठ, भाज्या निवड, अन् हळद-बेसन कालवून भज्जी बी तूच कर."

दुसऱ्या दिवशी शेतात पाहुण्यांनी भज्जी दोनदा मागून घेतली. "काकू, हाताला काय चव हाय तुमच्या!"

सासूबाईंनी दोन्ही पंजे वर करून दाखवले.

"माझ्या न्हाई बाबा. पिवळी नखं हुडका."