स्वतंत्र जबाबदारी

बाई : तारीख पुन्हा एकदा सांगता का, साहेब? मी चुकीची ऐकली असेल.

साहेब : बरोबर ऐकलीत. एक मार्च. पाच वर्षांपूर्वीची.

बाई : पण हे इंजिनिअर देखभाल विभागाचे प्रमुख झाले ते त्याच्या पुढच्या जानेवारीत. नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं होतं.

साहेब : बाई, तुमची स्मरणशक्ती म्हणजे ऑफिसचं वैभव आहे. पण आत्ता ती जरा ड्रॉवरमध्ये ठेवा आणि एक मार्च टाइप करा.

इंजिनिअर : माझ्यासाठीच चाललंय हो हे, बाई. परदेशी नोकरीच्या व्हिसासाठी त्यांच्या वकिलातीला लिफ्टच्या देखभालीची पाच वर्षं लागतात. तीही स्वतंत्र जबाबदारीची. कोणाच्या हाताखाली केलेलं काम त्यांच्या हिशेबी जमेला धरत नाहीत. माझी भरतात चार वर्षं दोन महिने. दहा महिन्यांवरून गाडी अडली होती.

साहेब : आणि आता सुटली. याची बायको तिकडे नर्स आहे, बाई. मुलीलाही घेऊन गेली. आठ महिने झाले. हा इकडे रोज डबा विकत घेऊन खातोय. आपण नाही पाहायचं तर कोणी पाहायचं?

इंजिनिअर : पाहुणा म्हणून नव्वद दिवस जाता येतं म्हणे. त्यापुढे राहायचं तर स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा. स्वतःच्या बायकोकडे पाहुणा! ती म्हणते, ये, चहा देईन आणि निघताना चपला कुठे काढल्यात तेही दाखवीन.

साहेब : हाहा! फटकळ आहे. उद्या नऊ वाजता मुलाखत ना? बाकी सगळं जमलं?

इंजिनिअर : तिकडच्या कंपनीचं नेमणूकपत्र आहे. डिग्रीवर शिक्के मारून घ्यायला तीन ऑफिसं पालथी घातली. वैद्यकीय तपासणी झाली. भाषेच्या परीक्षेतून दुसऱ्या खेपेला सुटलो. पोलिसांचा दाखला परवा हातात पडला. माझ्याविरुद्ध कुठेही काहीही नाही, असं सरकारनं लिहून दिलंय. फ्रेम करून लावावा असा आहे.

साहेब : लावूच. बाई, झालं?

बाई : झालं. वाचते. 'सदर इंजिनिअर एक मार्चपासून आजतागायत सलग पाच वर्षं आमच्या देखभाल विभागाचे प्रमुख असून, कंपनीकडे असलेल्या सर्व लिफ्टची तपासणी, दुरुस्ती आणि सुरक्षितता यांची संपूर्ण व स्वतंत्र जबाबदारी या काळात त्यांच्याकडे होती.' हे 'संपूर्ण' मी घातलेलं नाही. साहेबांनी सांगितलंय.

इंजिनिअर : असू द्या की. वजनदार वाटतं.

साहेब : वजन लागतंच अशा कागदाला. द्या इकडे, सही करतो. हा घे. आता तुझं एक छोटंसं काम.

इंजिनिअर : सांगा ना, साहेब.

साहेब : वकिलातीची माणसं फोन करून खात्री करतात. कधी कधी रजिस्टरच्या प्रतीही मागतात. पत्रात तू पाच वर्षं आणि रजिस्टरात चार, असं निघालं तर तुझंच नुकसान. म्हणून ते मधल्या दहा महिन्यांचं रजिस्टर काढून ठेवलंय. मेकॅनिकनी तपासण्या वेळच्या वेळी लिहिल्यात. फक्त खाली इंजिनिअरच्या सहीची जागा रिकामी आहे.

इंजिनिअर : रिकामी? सगळ्या पानांवर?

साहेब : तुझ्या आधीचे प्रमुख, आपले मास्तर, त्या फेब्रुवारीत आजारी पडून घरी बसले ते बसलेच. त्यांच्या जागी लगेच तुला आणायला हवं होतं. नाही आणलं. चूक माझी. ती आता दुरुस्त होतेय असं समज. कर सह्या.

इंजिनिअर : मी तेव्हा नव्या इमारतींवर होतो. लिफ्टा बसवायचो. या देखभालीच्या लिफ्टा मी पाहिल्याही नव्हत्या तेव्हा.

साहेब : अरे, तुला कोण लिफ्ट ओढायला सांगतंय? सही करायची आहे. पेन निळंच वापर. मागच्या सगळ्या सह्या निळ्याच आहेत.

इंजिनिअर : बरं. मार्च. हे एप्रिल. साहेब, तुमचा फोन वाजतोय.

साहेब : वकील दिसतोय. चालू दे तुझं. मी बोलून येतो.

(साहेब फोन कानाला लावून बाहेर जातात. दार अर्धवट उघडं राहतं.)

इंजिनिअर : मे. जून. हात दुखायला लागला राव. लग्नातसुद्धा एवढ्या सह्या केल्या नव्हत्या.

बाई : कुठपर्यंत आलात?

इंजिनिअर : जुलै चाललाय.

बाई : हळू बोला. ऑगस्टचं पान वाचल्याशिवाय सही करू नका.

इंजिनिअर : का? काय आहे ऑगस्टमध्ये?

बाई : वाचा. सतरा तारीख.

इंजिनिअर : 'हॉस्पिटल. मागची लिफ्ट. लोखंडी दोराचे पदर तुटले आहेत. दोर बदलेपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.' बरोबर लिहिलंय मेकॅनिकनं. मग?

बाई : मग वीस तारखेला ती लिफ्ट खाली आली. आतला लिफ्टमन गेला.

इंजिनिअर : ती ही लिफ्ट? मी ऐकलं होतं की तो पेशंटचा स्ट्रेचर काढताना पडला.

बाई : ऑफिसात तसंच बोलायचं ठरलं होतं. त्याच्या बायकोनं केस लावली. साडेचार वर्षं ती कोर्टाच्या पायऱ्या चढतेय. आता कोर्टानं विचारलंय, त्या दिवशी देखभालीची जबाबदारी कोणत्या इंजिनिअरकडे होती त्याचं नाव द्या. पुढच्या महिन्यात तारीख आहे.

इंजिनिअर : नाव कोणाचं देणार? मास्तर घरी होते. जागा रिकामी होती.

बाई : हो. दहा महिने इंजिनिअरशिवाय लिफ्टा चालवल्या असं कबूल केलं तर साहेब आत जातात. परवाना जातो तो वेगळाच. म्हणून नाव लागतंय.

इंजिनिअर : थांबा. थांबा जरा.

बाई : मेकॅनिकनं लिहिलं, दोर तुटतोय. त्याखाली तुमची सही आली म्हणजे तुम्ही वाचलंत. वाचलंत आणि तीन दिवस लिफ्ट चालू ठेवलीत.

इंजिनिअर : पण मी तिथं नव्हतोच! कोणीही सांगेल. तुम्ही सांगाल.

बाई : मला निवृत्तीला सात महिने राहिलेत. मी तुम्हाला सांगितलं एवढंच माझ्या हातून झालं. आणि तुम्ही तरी इथं कुठे असणार? कोर्ट विचारील, इंजिनिअर कुठे आहेत? साहेब सांगतील, केस उभी राहायच्या तोंडावर परदेशी निघून गेले.

इंजिनिअर : तरीच. मी राजीनाम्याचं काढलं तेव्हा चिडतील असं वाटलं होतं. तर मिठी मारली त्यांनी. बायकोला रात्री सांगितलं, म्हटलं असा साहेब मिळायला भाग्य लागतं. ती म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय. मी तिच्यावरच चिडलो.

बाई : ते आले.

साहेब : काय, संपलं का बाड? अरे, जुलैवरच अडकलास?

इंजिनिअर : पुढे सही नाही करणार, साहेब.

साहेब : बाई, तुम्ही चहाचं बघा.

बाई : चहावाला चारला येतो.

साहेब : मग बसा. हं, बोल. काय झालं?

इंजिनिअर : तुम्हाला माहीत आहे काय झालं. तो माणूस मेला तेव्हा मी या विभागात नव्हतो. हे खापर माझ्या डोक्यावर का? मी तुमचं काय वाईट केलं होतं? सात वर्षं राबलोय तुमच्याकडे.

साहेब : कोणी काय फोडतंय तुझ्या डोक्यावर? तुला पाच वर्षं हवी होती. तू मागितलीस. मी दिली.

इंजिनिअर : नकोत मला. बाई, खरं पत्र टाइप करा. चार वर्षं दोन महिने. व्हिसा नाही मिळाला तर नाही मिळाला. दहा महिने आणखी खाईन डब्याचं. हे पत्र फाडतो मी.

साहेब : फाड. कागदच आहे. बाई दुसरं देतील. पण तू वकिलातीच्या वेबसाइटवर जो अर्ज भरलास पंधरा दिवसांपूर्वी, त्यात तारीख कोणती घातलीस?

इंजिनिअर : तुम्ही सांगितलीत ती.

साहेब : मी बरंच काही सांगतो. भरला कोणी?

इंजिनिअर : मी.

साहेब : 'एक मार्चपासून सर्व लिफ्टची जबाबदारी माझ्याकडे आहे, ही माहिती खरी असल्याचं मी शपथेवर सांगतो.' खाली सही. फोटो. अंगठा. मला तपासायला म्हणून तूच पाठवलास तो अर्ज. मी तसाच वकिलांना पाठवला. आत्ता त्यांचाच फोन होता. छान भरलाय म्हणाले, कुठे खाडाखोड नाही.

इंजिनिअर : मी उद्या तिथं जाऊन सांगीन. तारीख चुकली म्हणून सांगीन.

साहेब : सांग की. शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते तूच मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस. खोटी माहिती दिल्यास दहा वर्षं प्रवेश बंद. पाहुणा म्हणूनही नाही. मुलगी किती वर्षांची आहे तुझी?

इंजिनिअर : मुलीचं नाव काढू नका.

साहेब : चारची ना? म्हणजे चौदा होईल. मी आपलं मोजलं.

इंजिनिअर : तुम्ही माणूस आहात का कोण आहात?

साहेब : माझ्याकडे एकशे ऐंशी माणसं कामाला आहेत. परवाना गेला तर ती सगळी रस्त्यावर येतील. तू एकटा आहेस, आणि तूही तिकडे. बायकोमुलीत. मजेत. इथं कोर्ट चार नोटिसा काढील, त्या तुझ्या जुन्या घराच्या दारावर चिकटवतील. कोण येतंय तुला धरायला एवढ्या लांब?

बाई : सध्या येतात, साहेब. करार झालेत देशादेशांत. पेपरात होतं.

साहेब : बाई.

बाई : पेपरात होतं ते सांगितलं.

इंजिनिअर : म्हणजे खरं बोललो तर मुलीला दहा वर्षं मुकणार. गप्प बसून गेलो तर कधीतरी तिच्या देखत पोलीस दार वाजवणार. आणि इथंच राहिलो, तरी तो अर्ज तुमच्या वकिलाकडे आहेच.

साहेब : हुशार आहेस. म्हणून तर पाच वर्षं जबाबदारी दिली तुला.

इंजिनिअर : चार. चार वर्षं दोन महिने.

साहेब : आता सगळीकडे पाच झालीत. बाई, त्यांना पेन द्या.

बाई : पेन त्यांच्या हातातच आहे, साहेब.

साहेब : मग अडलंय कुठे? ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. पाचच पानं राहिलीत. घाई नाही. मी बसलोय.

इंजिनिअर : बाई, तुम्ही खिडकीबाहेर बघा. माझ्याकडे नका बघू.

बाई : बघते.

इंजिनिअर : साहेब, त्या दिवशी तिथं काय झालं, ते तरी सांगा. कोणी विचारलं तर मला काहीतरी सांगता यायला हवं.

साहेब : मी काय सांगणार, इंजिनिअर? मी इथं ऑफिसात होतो. लिफ्ट तुमच्याकडे होती.